पाणी : दीड तास

मागच्या मार्चमधली गोष्ट. माझा वर्ग तेव्हा तिसरीत होता. (आता मुलं चौथीत गेली आहेत आणि त्यांच्याबरोबर मीही चौथीत गेले आहे!) रुपये-पैशांची उदाहरणं चालली होती. पुस्तकातली उदाहरणं कशी असतात ते तुम्हाला माहीतच आहे. एक मुलगा दुकानात जातो, पेन्सिली घेतो, शंभराची नोट देतो आणि उरलेले पैसे मोजत बसतो. मी शाळेत होते तेव्हाही तो पेन्सिलीच घेत होता! मुलं कंटाळली होती आणि खरं सांगायचं तर मीही कंटाळले होते.

म्हणून मी म्हटलं, "आज घरचा अभ्यास वेगळा. तुमच्या घरी एका महिन्यात कशाकशावर किती खर्च होतो, ते आई-बाबांना विचारून वहीत लिहून आणा."

दुसऱ्या दिवशी तीस वह्या टेबलावर आल्या. काय सांगू तुम्हाला, त्या वह्या म्हणजे तीस घरांच्या उघड्या खिडक्या होत्या. एकाने लिहिलं होतं, 'आजोबांची तपकीर – 40 रुपये, पण हे आजीला सांगू नका.' एकीने लिहिलं होतं, 'कंदी पेढे – पाहुणे आले तर.' एकाच्या यादीत सगळ्यात मोठा आकडा होता 'हप्ता'. हप्ता कशाचा, ते त्याला माहीत नव्हतं. किराणा, दूध, भाजी, लाईट बिल, गॅसचं सिलिंडर, मोबाईलचा रिचार्ज, दादाची ट्यूशन, आईची भिशी असं सगळं होतं. पाण्याच्या रकान्यात कोणी नळपट्टी लिहिली होती. एका मुलीने लिहिलं होतं, 'रोज एक जार, 30 रुपये.'

आणि एका वहीत पाण्यापुढे लिहिलं होतं, 'दीड तास'.

वह्या तपासण्याच्या घाईत मी काय केलं असेल? लाल पेनाने त्याखाली रेघ मारली आणि लिहिलं, 'उत्तर रुपयांत लिहा.'

मधल्या सुट्टीत तो मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. एरवी फारसा बोलत नाही. शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो, डबा लवकर संपवतो आणि खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत राहतो. वही पुढे करून म्हणाला, "बाई, आजी पाण्याला रुपये देत नाही."

तेव्हा कुठे मी ते पान नीट पाहिलं. त्याने पानाच्या मधोमध उभी रेघ मारून दोन घरं केली होती. एका बाजूला 'खालचं घर' आणि दुसऱ्या बाजूला 'वरचं घर'.

खालचं घर म्हणजे साताऱ्यातली भाड्याची खोली. वरचं घर म्हणजे कासच्या अलीकडे डोंगरावर एक वाडी आहे, तिथलं कौलारू घर. तिथे त्याची आजी एकटी राहते. खालच्या घराचा हिशोब असा होता : भाडं 4500, किराणा 4000, बाबांच्या गाडीचं पेट्रोल 1800, भाजी 1200, दूध 900, गॅस 870, लाईट 600, रिचार्ज 600, वरच्या घरी पाठवायचे 1500. बेरीज 15,970. बेरीज बरोबर होती. त्याचे बाबा एका दुकानात कामाला आहेत आणि त्यांना महिना सोळा हजार मिळतात. म्हणजे उरले किती? तुम्हीच सांगा. त्याने 'उरले' असं लिहून पुढे तीस रुपये मांडले होते आणि कंसात लिहिलं होतं, 'आजारी पडलो नाही तर.'

वरच्या घराच्या बाजूला फारसं काही नव्हतंच. भाडं : नाही. भाजी : परसातली. दूध : शेजारची म्हैस. लाईट : थोडी. पाणी : दीड तास.

आता जी मुलं साताऱ्यात राहत नाहीत, त्यांच्यासाठी आधी आमच्या गावाची ओळख करून देते. सातारा हे पश्चिम महाराष्ट्रातलं एक लहान शहर. 2011 च्या जनगणनेत सातारा नगरपालिकेच्या हद्दीत साधारण एक लाख वीस हजार माणसं होती. 2020 मध्ये हद्दवाढ झाली आणि आजूबाजूचे भाग शहरात आले. पुण्या-मुंबईच्या मानाने लहानच. दक्षिणेला अजिंक्यतारा किल्ला, पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आणि पूर्वेला माहुलीला कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम. जुनं गाव पेठांचं. शनिवार, मंगळवार, गुरुवार अशा वारांच्या पेठा आहेत. शिवाय यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा, मल्हार अशी छान नावं. एका तळ्याचं नाव तर 'फुटकं तळं'!

हे गाव इथे वसलं कसं, ही गोष्ट किल्ल्यापासून सुरू होते. डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेब बादशहा स्वतः फौज घेऊन या किल्ल्यावर चालून आला. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. त्यांनी चार महिन्यांहून जास्त काळ किल्ला लढवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले, तर तट बाहेरच्या बाजूला कोसळून मोगलांचीच माणसं मोठ्या संख्येने गाडली गेली. पण वेढा पडलेल्या किल्ल्यात दाणागोटा किती दिवस पुरणार? त्यातच मार्च 1700 मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं. एप्रिलमध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि बादशहाने त्याचं नाव 'आझमतारा' ठेवलं. पुढे ताराराणींच्या फौजेने तो परत जिंकला आणि त्याचा अजिंक्यतारा झाला.

1707 मध्ये औरंगजेब वारला. त्याच्या कैदेत वाढलेले संभाजीराजांचे पुत्र शाहू सुटून आले आणि 12 जानेवारी 1708 रोजी याच किल्ल्यावर त्यांना राज्याभिषेक झाला. पण विचार करा हं, किल्ल्यावर राज्याभिषेक करता येतो. तिथे बाजार भरवता येईल का? व्यापारी, कारकून, सोनार, तेली, शिंपी, त्यांची बायकामुलं, घोडी-बैलं, ही सगळी किल्ल्यावर मावणार कशी? आणि मावली तरी पिणार काय? किल्ल्यावर पावसाच्या पाण्याची तळी आणि टाकी, बस्स. म्हणून शाहू महाराजांनी पायथ्याशी गाव वसवलं. त्याला 'शाहूनगर' म्हणत. गाव वाढलं तसं यवतेश्वरच्या डोंगरावरून पाणी आणलं गेलं. 1848 मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं. छत्रपतींचं राज्य गेलं, पण गाव राहिलं आणि गावाची तहानही राहिली. ती तहान वाढली तेव्हा इंग्रजी अमलात आणखी वर, कासला, बांध घालून तलाव करण्यात आला. अलीकडे त्या धरणाची उंची बरीच वाढवली आहे.

आता गंमत बघा. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण सातशे-साडेसातशे मीटर उंचीवर आहे. कासचं पठार साधारण बाराशे मीटरवर. पाणी उतारावरून खाली येतं, हे तुम्हाला पहिलीपासून माहीत आहे. म्हणून कासचं पाणी पंचवीसएक किलोमीटर चालत, आधीच्या काळात उघड्या पाटाने आणि नंतर बंद नळाने, आपलं आपण साताऱ्यात येतं. ते वर चढवायला पंप लागत नाही. पंप नाही म्हणजे विजेचं बिलही नाही. नदीचं पाणी मात्र उपसून वर आणावं लागतं. शहराचा सगळा भाग काही कासचं पाणी पीत नाही, पण पश्चिमेकडच्या उंच पेठांना ते मिळतं. आमची शाळा त्याच अंगाला आहे. त्या मुलाची भाड्याची खोलीही.

म्हणजे त्याच्या खालच्या घरच्या नळाला पाणी येत होतं वरच्या घराच्या शेजारून. आणि वरच्या घरी पाणी : दीड तास.

हे माझ्या डोक्यात शिरायला दोन दिवस लागले. परीक्षा आटोपल्यावर एप्रिलमधल्या एका रविवारी मी सरळ बामणोलीच्या एसटीत बसले. यवतेश्वरचा घाट चढताना मागे वळून पाहिलं तर सातारा हातावर ठेवल्यासारखा दिसतो. तो मुलगा आणि त्याची आई सुट्टीसाठी आधीच वर गेले होते. तो फाट्यावर घ्यायला आला होता. पायात चप्पल नव्हती आणि शाळेत कधी दिसला नाही एवढा खुशीत होता. वाटेत त्याने मला करवंदाच्या जाळ्या, रानडुकराने उकरलेली जागा आणि त्याचा मामा पडला होता तो दगड, एवढं सगळं दाखवलं. वर्गात गप्प बसणारा हाच का तो, असं मला वाटलं.

आजीने गूळ-पाणी दिलं. तांब्यातलं पाणी पिताना पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, हे किती मिनिटांचं?

मग आम्ही घड्याळ लावून पाणी आणायला गेलो. झऱ्याकडे उतरायला दहा मिनिटं. झऱ्याला धार करंगळीएवढी. दोन बायका आधीच थांबल्या होत्या. कळशी आणि हंडा भरायला पंधरा मिनिटं. भरून वर चढायला वीस, कारण आजी मध्ये दोनदा टेकली. झाली पंचेचाळीस मिनिटं. आजीच्या अशा दोन खेपा. पंचेचाळीस दुणे नव्वद. माझ्या विद्यार्थ्याचं उत्तर मिनिटाला मिनिट बरोबर होतं आणि मी त्यावर लाल रेघ मारली होती.

तुम्ही म्हणाल, बाई, कासला तर धो धो पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठे? चांगला प्रश्न. शहरात पडतो त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस तिथे पडतो. पण पठाराचा माथा आहे जांभ्या दगडाचा. चिऱ्याची घरं तुम्ही कोकणात पाहिली असतील, तोच हा दगड. त्यावर मातीचा थर इतका पातळ की काही ठिकाणी तुमचं बोटही पुरतं बुडणार नाही. जून ते सप्टेंबर सगळं पठार पाण्याने डबडबलेलं असतं आणि पाऊस थांबला की पाणी उतारावरून निघून जातं. जे खळग्यात अडलं, त्याचा तलाव झाला. जे दगडाच्या फटींत मुरलं, ते झऱ्यातून थोडं थोडं बाहेर येतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत झरा दमतो.

पण याच पातळ मातीची दुसरी बाजू फार सुंदर आहे. तिथे मोठी झाडं मुळं धरू शकत नाहीत, म्हणून लहान फुलझाडांना रान मोकळं मिळतं. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पठार रंग बदलत राहतं. कधी तेरड्याचा गुलाबी, कधी सोनकीचा पिवळा, कधी गेंदाचा पांढरा. इथे साडेआठशेहून जास्त जातींच्या फुलवनस्पती आहेत. टोपली कारवी नावाचं झुडूप तर सात वर्षांनी एकदा फुलतं. तुम्ही पहिलीत असताना फुललं, तर पुन्हा फुलेल तेव्हा तुम्ही आठवीत असाल!

आणि मला सगळ्यात आवडतं ते 'सीतेची आसवं' नावाचं निळं-जांभळं फूल. नाव किती हळवं! पण हे रोप शिकारी आहे. त्याला बारीक बारीक फुग्यांसारख्या पिशव्या असतात. ओल्या मातीतला एखादा अगदी सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की झडप उघडते आणि तो आत ओढला जातो. असं का करावं लागतं? कारण इतक्या पावसाने मातीतलं सत्त्व धुऊन जातं. जमिनीतून पोट भरत नाही, म्हणून बिचारं दुसरीकडून भागवतं. ओढगस्तीच्या घरात आई जशी काहीतरी जुळवाजुळव करतेच, तसंच.

2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात कासचं पठारही आहे. तेव्हापासून फुलांच्या दिवसांत गाड्यांची रीघ लागते. आसपासच्या गावांची वन व्यवस्थापन समिती तिकीट घेते, गाड्या लावायची सोय बघते, लोकांनी फुलं तुडवू नयेत म्हणून माणसं उभी करते. त्या मुलाचा काका तेवढे पाच-सहा आठवडे तिथेच कामाला असतो. म्हणजे सीतेची आसवं त्याच्याही घरचा किराणा थोडाफार भरतात. मला स्वतःला पठारावरची गर्दी आवडत नाही. फुलांपुढे उभं राहून फक्त स्वतःचे फोटो काढणाऱ्यांचा तर राग येतो. पण काकाच्या मजुरीचा विचार केला की माझा राग थोडा आवरतो.

तर जूनमध्ये शाळा उघडली. चौथीच्या पहिल्याच आठवड्यात मी वर्गाला सगळी हकीकत सांगितली आणि माझी लाल रेघ चुकली होती, हेही सांगितलं. मुलांना बाईंची चूक भारी आवडते. मग एका मुलीने हात वर केला, "बाई, दीड तासाचे रुपये करता येतील की!" कसे? तर तिची आई रोजंदारीवर शेतात जाते. आठ तासांचे चारशे रुपये. म्हणजे तासाला पन्नास. दीड तासाचे पंचाहत्तर. महिन्याचे तीस दिवस.

मी फळ्यावर लिहिलं : 75 गुणिले 30. उत्तर आलं 2250.

वर्ग गप्प झाला. जारचं पाणी महिन्याला 900 रुपयांचं. नळपट्टी त्याहून कितीतरी कमी. वर्गातलं सगळ्यात महाग पाणी वाडीवरची आजी पीत होती. मुलं त्या मुलाकडे आदराने बघायला लागली, जणू काही त्याच्या घरी मर्सिडीज आहे!

तो म्हणाला, "पण ते पैसे आजीला कोणी देत नाही."

त्याच्या या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना आमच्याच गावातली एक जुनी गोष्ट सांगितली.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका नऊ वर्षांच्या मुलाचं नाव इंग्रजी पहिलीत घातलं गेलं. तो मुलगा म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या प्रवेशाचा हा दिवस आता आपल्या राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यांचे वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला होते. तिथे दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने तलाव खणायला घेतला होता. 1901 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ही भावंडं वडिलांकडे जायला निघाली. नवे कपडे, डोक्याला जरीच्या टोप्या, खिशात भाड्याचे पैसे आणि बरोबर भरलेला डबा. आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. पण ही अस्पृश्य जातीची मुलं आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही अशा अटीवर की बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची.

आणि पुढे ऐका. रात्र झाली. डब्यात जेवण होतं, पण पिण्याला पाणी नाही. रस्त्याच्या नाक्यावर पाणी मागितलं, तिथेही मिळालं नाही. पाण्यावाचून घास घशाखाली कसा उतरणार? मुलं भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली. हे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे. साताऱ्यात न्हावी कितीतरी होते आणि द्यायला पैसेही होते, तरी कोणी त्यांचे केस कापत नसे. घरी बहीणच भावांचे केस कापायची, हेही त्यांनीच लिहिलं आहे.

हे सांगून झाल्यावर तीच रोजंदारीवाल्या आईची मुलगी म्हणाली, "बाई, मग त्यांच्या वहीत पाण्यापुढे काय लिहायचं?"

मला सुचेना. मी म्हटलं, तुम्ही सांगा. कोणी म्हणालं, शून्य. कोणी म्हणालं, दुप्पट. तो खिडकीजवळचा म्हणाला, "रात्र."

बालमित्रांनो, मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण त्या दिवशी फळ्यापाशी मी जरा वेळ पाठ करून उभी राहिले.

आमच्या गावात खर्चाचे असे आणखीही हिशोब आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. खेड्यापाड्यांतली सगळ्या जातींची गरीब मुलं एका वसतिगृहात राहायची, एकत्र जेवायची. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचं नामकरण झालं. आता एवढ्या मुलांचा खर्च भागवायचा कसा? गावोगाव घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा व्हायचं. त्याला 'मुष्टिफंड' म्हणत. फंड म्हटला की आपल्याला नोटा आठवतात, पण इथे ज्वारी होती. मुलंही कामं करत आणि शिकत. आणि एकदा घरात दाणा नव्हता तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, मुलांच्या जेवणासाठी काढून दिलं. मुष्टिफंडाची गोष्ट माझ्या वर्गाला इतकी आवडली की त्यांनी खाऊच्या डब्यांतून चण्यांचा मुष्टिफंड काढला. तो दुपारपर्यंत संपला, हा भाग वेगळा.

माझाही हिशोब सांगते. 2010 मध्ये डी.एड. करून मी शिक्षण सेवक म्हणून लागले, तेव्हा महिन्याचं मानधन तीन हजार रुपये होतं. व्यंकटपुऱ्यातल्या एका जुन्या वाड्यात आम्ही तिघी मैत्रिणी एका खोलीत राहत होतो. भाडं पंधराशे, म्हणजे प्रत्येकीचे पाचशे. पहिल्या मानधनातून मी पावशेर कंदी पेढे घरी नेले. आईने पेढ्याचं नावही न काढता विचारलं, "जेवतेस ना दोन्ही वेळा?" आता त्याच पेठेत तेवढ्या खोलीचं भाडं कितीतरी वाढलंय. शिक्षण, दवाखाना, दुकानातली नोकरी यांच्यासाठी आसपासच्या खेड्यांतून माणसं येत राहतात. खोल्या तेवढ्याच, मग भाडं चढणार नाही तर काय? पुण्याहून सातारा स्वस्त म्हणून लोक इकडे येतात, आणि वाडीवरच्या माणसाला साताराच महाग.

आमच्या मित्राच्या खोलीचंही भाडं जूनमध्ये वाढलं. 4500 चे 5500 झाले. आता तुम्हीच आकडा मांडा : बेरीज 16,970 आणि मिळकत 16,000. त्याचे बाबा मला भेटायला शाळेत आले होते. हातात टोपी घेऊन बराच वेळ इकडचंतिकडचं बोलत होते. शेवटी म्हणाले, "बाई, पोराला वर आजीकडं ठेवावं म्हणतोय. तिथं बी शाळा हाय. बाकी आम्ही बघू." मी काय सांगणार? वरच्या शाळेत पटावर थोडीच मुलं उरली आहेत, पण शिकवणारे शिक्षक चांगले आहेत, मला माहीत आहेत. आजीलाही सोबत झाली असती. मनातून मात्र मला तो मुलगा जायला नको होता. तो माझा स्वार्थ होता का त्याचं भलं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. मी एवढंच म्हटलं की पंधरा दिवस थांबा.

त्या पंधरा दिवसांत त्याच्या आईने एका खाणावळीत पोळ्या लाटायचं काम धरलं. संध्याकाळी पाच ते नऊ, महिना चार हजार. हिशोब जमला. मुलगा शाळेत राहिला. ऑगस्टमध्ये मी पुन्हा सगळ्यांना खर्चाची वही लिहायला सांगितली. त्याच्या खालच्या घराच्या यादीत तळाशी एक नवी ओळ होती : 'आई – संध्याकाळी नाही.'

या वेळी मी लाल पेन उचललं नाही.

दिवाळीला आजी खाली आली. चार दिवस राहिली. तो आजीला घेऊन माझ्या घरी फराळाला आला होता. आजीने फुटाणे आणि नाचणीचं पीठ आणलं होतं. चहा झाल्यावर तो कपबश्या विसळायला उठला (मी नको म्हणत होते) आणि त्याने मोरीतला नळ सोडला. मोठी धार पडली. आजी वाकून बघायला लागली.

"हे पाणी कुठलं रं?"

"आपल्याच वरचं, आजी. कासचं."

आजीने थोडा वेळ धारेखाली हात धरला. मग म्हणाली, "मंग एवढं मोठं कशाला सोडलंयस? बारीक कर. लांबनं आलंय ते."